राशीवरचा हात

माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. कौतुक म्हणून सांगत नाही, कारण त्याचा ताप आम्ही घरातल्यांनी फार सोसलाय. नको असलेला पाहुणा दारात उभा आहे, मी आतून हातवारे करून 'घरी नाहीत म्हणून सांग' म्हणतेय, तर ती वळून मलाच मोठ्याने विचारणार, "कोन घरी नाय?" अशा बाईला तिच्या पंचाहत्तरीत मी तहसीलदारासमोर खोटं बोलायला शिकवत होते. चांगले आठ दिवस शिकवत होते. ती ते कशी विसरली आणि तिच्या विसरण्यातून दीड एकर जमीन आमची कशी झाली, ते मला आता सगळ्यांना सांगावंसं वाटतं. शेजाऱ्यांना सांगून झालंय, नातेवाइकांना दोनदोनदा सांगून झालंय, म्हणून आता लिहितेय.

जमीन डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या मागच्या अंगाला. आता चहूबाजूंनी टॉवर उभे आहेत, त्यांच्या मधोमध. तीन मोठी खाचरं, दोन लहान, बांधावर एक रायवळ आंबा. मालक ठाण्याचे, शिकलेलं, नोकरीपेशाचं घर. सातबाऱ्यावर नाव त्यांचं आणि चिखलात पाय आमचे. माझे पणजोबा, मग आजोबा ती अर्धेलीने कसायचे, मग वडील, आणि मी आठवीत असताना वडील गेले तेव्हापासून आई. बियाणं आमचं, बैल आमचे, राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतचे कष्ट आमचे. पिकलेलं भात मात्र निम्मं त्यांचं. 'कसेल त्याची जमीन' असा कायदा आला तेव्हा ही जमीन मालकांच्या विधवा आईच्या नावावर होती, आणि विधवेच्या जमिनीला कायद्याने सवड दिलेली होती. ती सवड कधी संपली हे आम्हाला कोणी कळवलं नाही, आणि जाऊन विचारावं इतकं शिकलेलं आमच्यात कोणी नव्हतं.

निम्मं-निम्मं ऐकायला बरं वाटतं. पण मालकाच्या निम्म्यातून काही वजा होत नसे. आमच्या निम्म्यातून पुढच्या वर्षीचं बियाणं बाजूला काढायचं, लावणीला मदतीला आलेल्या बायकांचं द्यायचं, बैलांचं बघायचं, आणि उरेल ते खायचं. भात पिकवणाऱ्या आमच्या घरात होळीनंतर रेशनचा तांदूळ शिजायचा. त्याला एक कुबट वास यायचा. मी नाक मुरडलं की आई म्हणायची, "वास नाकाला येतो, पोटाला नाय. गील." मी गिळायचे. पण मनात ठाण्याच्या त्या घरात आमचा पांढराशुभ्र वाफाळता भात कोण खात असेल ते बघत बसायचे.

ते कोण खातं हे मला नेमकं ठाऊक होतं. मालकांची मुलगी.

ती माझ्याच वयाची. दरवर्षी झोडणी संपली, भात वारवून झालं, की मालक तिला घेऊन खळ्यावर यायचे. आमच्याकडे वाटणीची एक रीत होती. खळं म्हणजे शेणाने सारवलेली जमीन, त्यावर सगळ्या भाताच्या दोन राशी करायच्या. राशी करायच्या कुळाने आणि आधी निवडायची मालकाने. म्हणजे राशी करणाऱ्याने लबाडी केली, एक मोठी नि एक लहान केली, तर मोठी मालक उचलणार आणि लबाडी त्याच्याच अंगाशी येणार. माझे वडील राशी अशा सारख्या करायचे की कोणती कुठली ते त्यांनाही ओळखू येत नसे. मालकही भले. ते स्वतः निवडत नसत. आपली निवड हावरट दिसेल असं त्यांना वाटत असावं. म्हणून ते आपल्या मुलीला पुढे करायचे. झालरीचा फ्रॉक, पायात मोजे, त्या मोज्यांना कुसळं चिकटलेली, अशी ती डोळे मिटून पुढे यायची आणि जी रास हाताला लागेल तिच्यावर हात ठेवायची. ती रास मालकांची. दुसरी आमची. एकही शब्द बोलला जात नसे.

मला तो फ्रॉक हवा होता. ते मोजेसुद्धा. आणि जगात कुठल्याही गोष्टीवर नुसता हात ठेवला की ती आपली होते, हे तर मला फारच हवं होतं.

सात-आठ वर्षांची असेन. मी एक डाव केला. त्या वर्षी पाऊस परतीला झोडपून गेलेला, राशी लहानच झाल्या होत्या. वडील पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी डाव्या राशीतलं दोन सुपं भात उजव्या राशीत ढकललं. मग मालकांच्या मुलीला आंब्यामागे नेऊन ओंजळभर बोरं दिली आणि सांगितलं, "डावीकडच्या राशीवर हात ठेव, उजवीकडे विंचू दिसलाय मला." ती घाबरून डावीकडे हात ठेवायला निघाली. आईने माझा चेहरा पाहिला. एवढंच. सूप घेऊन ती पुढे झाली, उजव्या राशीतलं भात परत डावीत टाकलं, हाताने दोन्ही सारख्या केल्या, आणि मालकांच्या मुलीला म्हणाली, "बाय, विंचू-बिंचू काय नाय. मिट डोले." मग मला आंब्यामागे नेऊन दिल्या दोन. तिचं म्हणणं एकच होतं. त्यांचं ते त्यांचं, आपलं ते आपलं. आज त्यांच्या राशीला हात लावलास तर उद्या आपल्या राशीबद्दल बोलायला तोंड राहणार नाही. मला तेव्हा हे मुळीच पटलं नाही. गाल मात्र चांगला लाल झाला.

वडील गेल्यावर राशी आई करू लागली, आणि मालकांची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत येत राहिली. पुढे पुढे ती डोळे मिटायची तेव्हा हसू यायचं तिला. लग्न होऊन गेली, मालक थकले, आणि मग खळ्यावर कोणी येईनासं झालं. तरी आई दोन राशी करायचीच. शेजारच्या कुठल्याही पोरीला हात ठेवायला लावायची आणि ती रास पोत्यात भरून टेम्पोने ठाण्याला पोचवायची. मी म्हणायचे, "अगं, बघायला कोण आहे? दोन पोती कमी गेली तर त्यांना कळणारही नाही." ती माझ्याकडे अशी बघायची की मला आंब्यामागचं सगळं आठवायचं.

याच सरळपणापायी तिने एक मोठा घोळ करून ठेवला होता, आणि तो आम्हाला फार उशिरा कळला. तलाठी पीक पाहणीला यायचा, बांधावर उभा राहून विचारायचा, "काय बाई, जमीन कोणाची?" आई सांगायची, "मालकाची, ठान्याच्या." तलाठी मान हलवायचा आणि कसणाऱ्याच्या रकान्यात 'खुद्द' लिहून निघून जायचा. खुद्द म्हणजे मालक स्वतः कसतो. ठाण्यात पंख्याखाली बसलेले मालक कागदावर दरवर्षी आमच्या खाचरात नांगर धरत होते, लावणी करत होते, आणि आई त्या कागदात कुठेच नव्हती. वर्षानुवर्षं. मी विचारलं, मी कसते असं का नाही सांगितलंस? तर म्हणे, "त्याने इचारलं जमीन कोनाची. कोन कसतो ते नाय इचारलं."

मालक वारले. त्यांच्या मुलाला शेताशी देणंघेणं नव्हतं. त्याचं मी वाईट बोलणार नाही, त्याला ते कधी कोणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात आई राब भाजत होती. राब म्हणजे रोपं करायची जागा पालापाचोळा नि गोवऱ्या पसरून भाजून घेतात, ती. टॉवरवाल्यांची धुराबद्दल तक्रार म्हणून वॉचमन दोनदा येऊन गेला होता, त्यामुळे तिसऱ्यांदा गाडीचा आवाज आला तेव्हा आईला वाटलं, तोच. पण ते मालकांचे चिरंजीव होते, सोबत दोन माणसं, एक टेप आणि मागून पत्र्यांनी भरलेला टेम्पो. फार सभ्यपणे म्हणाले, "मावशी, यंदा राब नका भाजू. जमिनीचा व्यवहार ठरलाय. कंपाउंड घालायचंय."

जमीन त्यांची, त्यांनी विकली, असंच आईने धरलं. मी त्या दिवशी तिथेच होते. मग चिरंजीव पुढे म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे कामाला होतात. दरवर्षी तुम्हाला मजुरीचं भात मिळत होतंच. तरी अजून काहीतरी देऊ आम्ही."

"मजुरीचं?" आईने विचारलं.

बस. ते एक वाक्य ते बोलले नसते तर माझी खात्री आहे, आई खुरपं उचलून मुकाट्याने घरी आली असती आणि आज तिथे पार्किंग असतं. पण तीन पिढ्यांनी सारख्या केलेल्या राशींना त्यांनी मजुरी म्हटलं. आईने काटकीने पेटता पाला पुढे सारला आणि म्हणाली, "पत्रे तिकडं बांधावर ठेवा. हितं पेटलंय." त्या वर्षी राबही भाजला गेला आणि पेरणीही झाली.

आम्ही कल्याणच्या तहसील कचेरीत अर्ज केला. वाद एवढाच की आई कूळ की मजूर. कूळ ठरली तर कायद्याने जमीन विकत घ्यायचा हक्क तिचा. मजूर ठरली तर खुरपं खांद्यावर. डोंबिवलीच्याच एक वकीलबाई मिळाल्या, तरुण, सायनसने कायम नाक चोंदलेलं, पण डोकं स्वच्छ. त्यांनी आधी निकाल लागेपर्यंत जैसे थेचा हुकूम आणला, त्यामुळे पत्र्यांचा ढीग बांधावर तसाच राहिला आणि भात पोटरीला, दाणा धरायच्या बेताला आलं. मग त्यांनी आईला शेजारी बसवून सांगितलं, "आजी, जे खरं आहे ते सांगायचं. दुसरं काही नाही."

मला हे काही पसंत पडलं नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तीस वर्षं ऑफिसात काढलेली. फाइल, अर्ज, शिक्का, सही यातलं सगळं मला कळतं अशी माझी ठाम समजूत होती. 'जमीन कोणाची' या एका प्रश्नाने आमचा जन्मभर घात केला, आता पुन्हा तेच उत्तर द्यायचं? मी आईला घरी बसवून पढवायला घेतलं. साहेबांनी विचारलं जमीन कोणाची, तर म्हणायचं, माझी. तीन पिढ्या कसतोय, आता माझीच. म्हण बघू. आई भिंतीकडे बघून म्हणायची, "माजी." मी म्हणायचे, जोरात. ती म्हणायची, "माजी," आणि मग हळूच, "पन त्यांची हाय ना गं?" आठ दिवस हेच चाललं. शेवटी नवव्या दिवशी तिने एकदाचं न अडखळता म्हणून दाखवलं. मी निवांत झोपले.

सुनावणीच्या दिवशी आईने हिरवं नऊवारी नेसलं, डोईत अबोली माळली. कचेरीत पंखा करकरत होता आणि समोर मालकांचे चिरंजीव त्यांच्या वकिलाशेजारी बसले होते. आईला शपथ दिली. समोरचे वकील उठले. मोठे गोड बोलणारे. काही इकडचं तिकडचं विचारलं आणि मग अगदी सहज म्हणाले, "आजी, तुम्ही तर इतकी वर्षं तिथे राबताय. आता मला सांगा, जमीन कोणाची?"

मी बाकावर पुढे सरकले. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मग तिने मान वळवली, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "जमीन त्यांची."

मी डोळे मिटून घेतले. मला तिचा इतका राग आला की लहानपणी तिने दिलेल्या सगळ्या थपडा मला तिथल्या तिथे परत कराव्याशा वाटल्या. मेलीला एक शब्द बोलायचा होता, एक! डोळे उघडले तर आमच्या वकीलबाई रुमालाआडून हसत होत्या, आणि समोरच्या वकिलांचा चेहरा पडला होता. त्याचं कारण मला नंतर कळलं. दुसऱ्याची जमीन कसणारा, तोच कूळ. आई 'माझी' म्हणाली असती तर ती मालकाला मालकच मानत नाही असं झालं असतं आणि अर्ज तिथेच खलास झाला असता. त्या गोड वकिलांनी जाळं लावलं होतं ते याच उत्तरासाठी, आणि मी आठ दिवस आईला त्याच जाळ्याकडे हाकत होते. माझी तीस वर्षांची हुशारी!

आई थांबली नव्हती. एकदा खरं बोलायला मोकळी झाल्यावर ती कशाला थांबते. "जमीन त्यांची साहेब. पन भात माजं. त्यातलं अर्दं त्यांचं."

"म्हणजे ते तुम्हाला मजुरी म्हणून अर्धं भात देत होते," वकील म्हणाले.

"ते मना देत नव्हते. मी त्यांना देत होते," आई म्हणाली. "मजूर आदी रोज इचारतो. मी कवा इचारला? एक साल पानी साचलं नि सगलं भात कुजलं. मजुराचा रोज बुडतो काय? मना त्या साली कोनी काय दिलं? मीच त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, औंदा रास नाय." मग ती चिरंजीवांकडे वळली. "तुज्या भैनीला इचार. राशीवर हात ती ठेवायची. मी दोन राशी करायची नि ती डोले मिटून हात ठेवायची. मजुराच्या राशीवर मालकाची पोर हात ठेवते काय?"

साहेबांनी लिहिणं थांबवलं. "बहीण कुठे असतात?"

बहीण ठाण्यातच, खोपटला. जमिनीच्या वारसांत तिचंही नाव होतं, म्हणजे व्यवहारात तिचाही वाटा होता. वकीलबाईंनी तिला साक्षीला बोलवायचा अर्ज केला आणि पुढची तारीख पडली. घरी येताना आई खुशीत होती आणि मी तिला बोलून घेत होते. "ती तुझ्या बाजूने कशाला बोलेल? तुझ्या बाजूने बोलली तर तिचे स्वतःचे पैसे जातात. तिला ते हात ठेवणं आठवत असेल असं वाटतं का तुला?"

"माज्या नाय," आई म्हणाली. "खऱ्याच्या बाजूनं बोलंल."

पुढच्या तारखेला ती आली. मी तिला कितीतरी वर्षांनी पाहत होते. केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा, हातात छत्री. मी तिच्याकडे बघून हसले नाही. तीही भावाशेजारी जाऊन बसली, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं.

वकीलबाईंनी विचारलं, झोडणीनंतर खळ्यावर काय व्हायचं? भाऊ तिच्याकडे बघत होता. मग ती म्हणाली, "मी हात ठेवायचे."

"कशावर?"

"मावशी दोन राशी करायच्या. आधी काका करायचे, ते गेल्यावर मावशी. मी डोळे मिटून एका राशीवर हात ठेवायचे. ती आमची, दुसरी त्यांची. मी कॉलेजात जाईपर्यंत."

समोरचे वकील पटकन उठले. त्यांचीच अशील ती, तेव्हा फार सांभाळून म्हणाले, "म्हणजे लहान मुलांचा एक खेळच होता तो. शेतावर गेलं की मुलांना गंमत."

तिने छत्री मांडीवर आडवी घेतली. "खेळ असता तर जाताना आम्ही दुसरी रासही घरी नेली असती," ती म्हणाली.

साहेब लिहीत होते. भावाने कपाळाला हात लावला. मला एकदम हुंदका फुटला, आवरेना, शिपायाने बाहेर जायची खूण केली तर मी त्यालाही जुमानलं नाही. माझ्या आईला ज्या रकान्यात कोणी कधी लिहिलं नाही तिथे आज तिचं नाव कोणीतरी लिहीत होतं, आणि ते लिहवून घेत होती मी जिचा आयुष्यभर हेवा केला ती, तो झालरीचा फ्रॉक, ते मोजे.

बाहेर पायऱ्यांवर ती मला गाठून म्हणाली, "तू मला एकदा विंचू सांगितला होतास. आठवतंय?" मी म्हटलं, "बोरं खाल्लीस ना पण?" "खाल्ली," ती म्हणाली. "किडकी होती."

आई कूळ ठरली. चिरंजीवांनी अपील केलं, तिथेही आई कूळच ठरली. कायद्याप्रमाणे जमिनीची किंमत ठरली, आम्ही ती भरली, सर्टिफिकेट आलं, आणि एक दिवस सातबाऱ्यावर आईचं नाव आलं. पूर्ण नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट. मी तिला ते तीन वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिने कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेच काय?" मी म्हटलं, हेच. बराच वेळ तिने बोट उचललं नाही. मग म्हणाली, "आता त्या पोराला फोन लाव. त्याचे पत्रे हितंच पडलेत, पावसात गंजतील." मी फोन लावला. चिरंजीव दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आले. आईने त्यांना चहा दिला आणि पत्रे मोजून घ्यायला लावले.

आता टॉवरमधले लोक, जमिनी विकून बंगले बांधलेले आमचे भाऊबंद, सगळे विचारतात, विकणार का. सोन्याचा तुकडा आहे म्हणतात. मी साधुसंत नाही, माझ्याही मनात कधीकधी येतं. आईला विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "आदी कापनी होऊ दे." एक कापणी झाली की पुढची असतेच.

आता पीक पाहणीही मोबाइलवर आपली आपण करायची असते. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा नि नोंद करायची. मी म्हटलं, मी करते. तर म्हणे, नाय, मी. आधी ती स्वतःच भातासमोर पदर सावरून फोटोला उभी राहिली. फोटो तुझा नको, पिकाचा हवा, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. मग बटण दाबायला गेली तर अंगठ्याला चिखल, मोबाइल काही ऐकेना. अंगठा पदराला पुसला, पुन्हा पुसला आणि दाबला. नोंद झाली. "तलाठ्यानं इचारलं नाय जमीन कोनाची?" म्हणाली. मी म्हटलं, "आता नाही विचारत."

त्या दिवाळीनंतर झोडणी झाली, भात वारवून झालं. मी खळ्यावर पोचले तर आई घामाघूम, आणि समोर दोन राशी. सारख्या, वडिलांच्या हातच्यासारख्या.

"आई," मी म्हटलं, "दोन कशाला?"

तिने राशींकडे पाहिलं. आपण काय केलं ते तिलाही आत्ताच दिसत होतं. कंबरेवर हात ठेवून ती हसायला लागली, इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठली, फावडं घेतलं आणि दोन्ही राशी एक केल्या. पाच-सहा फावड्यांतच मध्ये रिकामं काही उरलं नाही. एवढी मोठी रास मी आमच्या खळ्यावर कधी पाहिली नव्हती. मी डोळे मिटले आणि तिच्यावर हात ठेवला. गरम होती, उन्हाने. आईने मला ठेवू दिला.

भात गिरणीतून आल्यावर तिने पाच किलो नवा तांदूळ पिशवीत भरला आणि मला घेऊन खोपटला गेली. मालकांच्या मुलीने दार उघडलं. पिशवी बघून तिचा चेहराच बदलला. "मावशी, हिस्सा कशाला आता? आता काही द्यायचं नाही तुम्ही."

"हिस्सा नाय गो बाय, वानोळा हाय," आई म्हणाली. "हिस्सा द्यावा लागतो. वानोळा माज्या मनानं देते."

पूर्वी पोती पोचवायला आलो की आम्ही दाराबाहेर पायरीवर बसून पाणी प्यायचो. आईने चपला काढल्या, आत गेली, सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "चाय टाक. साखर बरी घाल."